सासरे-जावयाचा तीस पत्त्यांचा कॅट

सातवा महिना संपता संपता डॉक्टरीणबाईंनी मला झोपवलं. वार खाली सरकली होती. "बाळ येईपर्यंत पलंग सोडायचा नाही," त्या म्हणाल्या, "आणि जिना तर बघायचासुद्धा नाही."

आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. निम्म्या शहराला तो वर-खाली करतो, पण आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. आईबाबांचं घर तळमजल्यावर आहे, दोनच खोल्यांचं. त्याच दुपारी दोन पिशव्या आणि मी, असे तिकडे हललो. आतल्या खोलीत आई आणि मी. बाहेरच्या खोलीत बाबा दिवाणावर आणि नवरा खाली गादीवर.

खरी काळजी मला माझी नव्हती, बाहेरच्या खोलीची होती. माझा नवरा कमी बोलतो. बाबा त्याहून कमी. लग्नाला पाच वर्षं झाली, तेवढ्या काळात त्या दोघांचं मिळून एक पानभर बोलणं झालं असेल, आणि त्यातलं अर्धं "काय, ठीक?" आणि "हो, ठीक". बाबा त्याला जावईबापू म्हणत आणि अहो-जाहो करत. आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान माणसाला "या, बसा" म्हणताना त्यांचा चेहरा सरकारी कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखा व्हायचा.

बाबा कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, बाबा प्लास्टरचा साचा करतात, त्यावर मेणाची हिरडी चढवतात आणि एकेक दात बसवतात. हे सगळं बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी, एका टेबलावर. पहिल्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा टेबलापाशी एकच खुर्ची होती.

"बसा ना," बाबा दिवाणावरून उठत म्हणाले.

"नको नको, तुम्ही बसा."

"मी दिवसभर बसूनच असतो."

दार अर्धवट उघडं होतं. पलंगावरून मला दिसत होतं: दोघं उभे, खुर्ची रिकामी. आईने कपाळावर हात मारला. "दोन महिने!" ती मला हळूच म्हणाली. "ह्या दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरून दोन महिने काढायचे?"

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने पिशवीतून टॅब काढला. त्याला एका पत्त्यांच्या खेळाचा नाद आहे. खरे पत्ते नाहीत, पडद्यावरचेच. त्यात योद्धे, जनावरं, जादूगार, असं काय काय असतं. लोक वर्षानुवर्षं ते पत्ते जमवतात आणि जमवलेल्यांतून आपला कॅट बनवून लढतात. पण नवऱ्याला आवडतो तो त्यातला ड्राफ्ट नावाचा प्रकार. ड्राफ्टमध्ये तुम्ही जमवलेलं काही चालत नाही. खेळ तुमच्यासमोर तीन पत्ते टाकतो, त्यातला एक घ्यायचा, दोन गेले. पुन्हा तीन, पुन्हा एक. असं तीस वेळा. तो तीस पत्त्यांचा कॅट घेऊन अनोळखी माणसांशी एकामागून एक सामने खेळायचे. बारा जिंकलात तर मोहीम फत्ते. पण त्याआधी तीन हरलात की खेळ खलास, कॅट मोडला, पुन्हा पहिल्यापासून.

नवरा भिंतीला टेकून पत्ते निवडत होता. बाबा मेण तापवत होते. म्हणजे, तापवायचं नाटक करत होते. त्यांचे डोळे चष्म्याच्या वरून टॅबवर होते.

"मधला," बाबा म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. "अं?"

"मधला घ्यायला हवा होता."

"बाबा, मधला फारच साधा होता. हा बघा, ह्याच्या तोंडातून आग येते."

"हं," बाबा म्हणाले आणि दिव्याची वात कमी केली.

नवरा ती मोहीम दोन जिंकून तीन हरला. आगवाले, शिंगवाले, पंखवाले सगळे हातात होते, पण ते खेळायला लागते तेवढी शक्ती साठायच्या आतच समोरच्याने त्याचा बुकणा पाडला. ही शक्ती दर डावाला एकेकाने वाढते, त्यामुळे भारी पत्ते शेवटी शेवटी उतरतात आणि तोवर तग धरायला हलके पत्ते लागतात. हे मला नंतर कळलं. बाबांना मात्र तेव्हाच कळलं होतं.

ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. हातात अर्धी कवळी होती. "जावईबापू, हे बघा. हे पुढचे दात. लोक फक्त हे बघतात. आणि ह्या दाढा. ह्यांना कोणी विचारत नाही. पण नुसते पुढचे दात बसवून दिले तर माणूस हसेल छान, जेवेल काय?" त्यांनी टॅबकडे बोट केलं. "तुम्ही तीसच्या तीस पुढचे दात घेतलेत."

नवरा कवळीकडे बघत राहिला. मग हसला. आईने भाजी चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या तोंडून एका दमात एवढं बोलणं तिनेही बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. नवरा सहाला यायचा, हातपाय धुवायचा, आत येऊन माझा रक्तदाब, पोट, पायांची सूज सगळं विचारायचा, अर्धा तास बसायचा. मग बाहेरून खाकरल्याचा आवाज यायचा. बाबांची ती हाक असायची.

"जा," मी म्हणायचे. "तुझं लग्न कोणाशी झालंय ते मला कळलंय."

निवडताना ते बारीक आवाजात भांडायचे. बाबांचा जीव एका पत्त्यावर जडला होता. बुटका पहारेकरी. हातात काठी, डोक्यावर वाकडी टोपी. मारायचा थोडं, पण मार खाऊन उभा राहायचा. तो समोर आला की बाबा बाकीचे दोन बघायचेही नाहीत. नवरा म्हणायचा, "बाबा, तीन पहारेकरी झालेत आपल्याकडे." बाबा म्हणायचे, "दाढा किती असतात तोंडात? मोजा." चार विजय झाले, मग पाच, एकदा सात. सात झाले त्या दिवशी बाबांनी आईला बाहेर बोलावून पडदा दाखवला. आई म्हणाली, "छान आहे हो. डॉक्टरांची कवळी उद्या द्यायची होती ना?"

मी पलंगावर पडून छताकडे बघत सगळं ऐकायचे. डोळे मिटले असले की त्यांना वाटायचं मी झोपले. समोरचा माणूस विचार करत असला की मध्ये रिकामा वेळ असतो, मिनिट-दीड मिनिट. पाच वर्षांत जे झालं नाही ते त्या मिनिट-दीड मिनिटांत होत गेलं. दोघांच्या नजरा पडद्यावर असायच्या, एकमेकांकडे बघावं लागायचं नाही, म्हणून जमत असावं.

"मला भीती वाटते," एकदा नवरा म्हणाला. अगदी सहज, वेळ विचारावी तसं. "कामावर फोन वाजला की आधी हात गार पडतात. मग नाव बघतो."

मला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तो नुसता "सगळं नीट होणार" म्हणायचा.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ही झाली तेव्हा मी कामच करत बसलो होतो. तिची आई आत, आणि मला सुचेना, म्हणून आलेलं काम हातात घेतलं. वरच्या कवळीला खालचे दात बसवले. सगळेच्या सगळे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डबा परत पाठवला, आत चिठ्ठी, 'अभिनंदन'. त्यांना कवळी बघूनच कळलं होतं." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तुमचा डाव आला. डावीकडचा मारा."

मी उशीत तोंड खुपसलं. हसूही येत होतं आणि रडूही.

मग एक कॅट असा जमला की दोघांनाही निवडतानाच कळलं. चार पहारेकरी, दिवे लावणारी एक म्हातारी, मधल्या ताकदीचे बरेच, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सात तोंडांचा देवमासा. देवमासा घ्यायचा हट्ट नवऱ्याचा. "बाबा, पुढचा एक तरी दात घेऊ द्या ना." बाबांनी घेऊ दिला. तीन दिवसांत आठ जिंकले आणि एकच हरले. बाबा अंघोळ करताना गुणगुणायला लागले.

चौथ्या संध्याकाळी नवरा आला, आत येऊन बसला आणि बाहेर जाईना. बाबा खाकरले. मग पुन्हा खाकरले. शेवटी तो गेला, टॅब उघडला. बाबांना पडदा वाचायला हल्ली वेळ लागत नसे.

"आठ आणि दोन," बाबा म्हणाले. "काल आठ आणि एक होतं."

"दुपारी... जेवायच्या सुट्टीत मी एक सामना खेळलो."

"एकटे?"

"हो."

बाबा उठून टेबलापाशी गेले आणि पॉलिशचं मशीन सुरू केलं. त्या मशीनचा आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडून बोलावं लागतं. रात्रीच्या जेवणापर्यंत ते चालूच होतं. आईने डाळीचं भांडं टेबलावर आपटून ठेवलं तेव्हा कुठे बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा "काय, ठीक?"वर आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"लहान मुलं परवडली," आई म्हणाली. "तू बोल तुझ्या नवऱ्याशी. मी माझ्या."

मी बोलले. तो पलंगाच्या कडेला बसून हाताची नखं बघत होता. "त्या दिवशी सकाळी सोनोग्राफी होती ना तुझी," तो म्हणाला. "बाळाचं वजन कमी भरलं म्हणाल्या डॉक्टर. तू ऐकून हसलीस, मीही हसलो. मग कामावर गेलो. अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या छतावर उभा होतो आणि हातातला पाना हलायला लागला. खाली उतरलो, डबा उघडलाच नाही. काहीतरी करायचं म्हणून खेळ उघडला. काय खेळलो तेही आठवत नाही."

"मग हे बाबांना सांगितलंस का?"

"काय सांगणार? कॅट त्यांचाही होता. विचारायला हवं होतं."

मला वाटलं होतं मी मध्यस्थी करेन, दोन्हीकडचं ऐकून घेईन, मग काहीतरी शहाणपणाचं बोलेन. त्याची गरजच पडली नाही, कारण दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं होतं आणि मशीन बंद होतं. बाबा दारात येऊन उभे राहिले. हातांना प्लास्टर लागलेलं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हात हलायला लागले की फोन करायचा."

"कामाच्या वेळी?"

"कामाच्या वेळी. मी काय, खिडकीशीच असतो. फोनवर पत्ते सांगायचे, मी काय खेळायचं ते सांगेन. हरलो असतो तर दोघं मिळून हरलो असतो. एकट्याने कशाला हरायचं?" एवढं बोलून ते पाठ फिरवून गेले. मग बाहेरून आवाज आला, "अजून एक आयुष्य बाकी आहे. येताय ना?"

दोन पराभव झाल्यावर पुढचा प्रत्येक सामना शेवटचा असू शकतो. ते एका दिवशी एकच खेळायला लागले. नऊ. दहा. अकरावा सामना इतका लांबला की आईने दोनदा भात गरम केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच येऊन उभी राहिली. देवमासा उतरला तेव्हा ती म्हणाली, "अगोबाई, केवढी तोंडं!" आणि मग सामना संपेपर्यंत हलली नाही.

अकरा विजय, दोन पराभव. एक जिंकला की बारा.

रविवारी सकाळी ते दोघं टॅब घेऊन आतच आले. "तुझ्यासमोर खेळायचा," नवरा म्हणाला. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता. आईने माझ्या पाठीशी उशा लावल्या, बाबा खुर्चीवर, नवरा पलंगाच्या कडेला, टॅब माझ्या पायांपाशी स्टुलावर. समोर कोण होतं देव जाणे; कुठल्या तरी खोलीत तोही असाच बसला असेल.

सुरुवात वाईट झाली. समोरच्याने पहिल्या चार डावांत दोन पहारेकरी आडवे केले. बाबा म्हणाले, "घाई नाही." म्हातारीने दिवे लावले, त्याने पहारेकऱ्यांना बळ आलं, समोरच्याचा एक मोठा बैल पडला. नवऱ्याच्या हातात देवमासा होता. पुढच्या डावाला तो उतरवता आला असता.

"एक डाव टिकायचंय फक्त," नवरा म्हणाला.

"टिकतो," बाबा म्हणाले. "पहारेकरी आहे ना."

मला खाली ओलं लागलं. पांघरूण बाजूला केलं. चादर लाल होती.

मी आईला हाक मारायच्या आधी बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं. का बघितलं, माहीत नाही. मी आवाजही केला नव्हता.

"अरे सोड तो खेळ!" बाबा ओरडले. "ऊठ, गाडी बघ! आधी गाडी बघ तू!"

नवरा उठलाच होता. टॅब स्टुलावर होता तसाच. आईने फाइल, टॉवेल, पाण्याची बाटली, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. नवऱ्याने मला उचललं. दारातून निघताना तो म्हणत होता, "बाबा, दार धरा," आणि बाबा, "धरलंय, तू पुढे हो, पायरी बघ, पायरी." गाडीत माझं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि मला सारखं वाटत होतं, बाबा ह्याला अरे-तुरे करतायत. एवढ्या भीतीतही मला ते जाणवत होतं.

पुढचा तास मला माहीत नाही, मला भूल दिली होती. तो आईने नंतर सांगितला. दोघं बाकावर बसले होते. नवऱ्याने आपले हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून गुलाबी मेणाचा गोळा काढला. स्वच्छ सदऱ्यातही तो कसा आला देव जाणे. "मळ," ते म्हणाले. "थंड असतं, मग मऊ होतं. हातांना काम मिळतं." नवरा तो गोळा मळत बसला. बाबांनी घड्याळ बघितलं नाही, ते नुसते त्याच्या दंडाला दंड लावून बसले. परिचारिका बाहेर आली तेव्हा मेण चेपून चेपून पापडाएवढं पातळ झालं होतं.

"मुलगी," ती म्हणाली. "लहान आहे, पण रडली छान. आणि बाई बऱ्या आहेत."

आई म्हणते, आधी बाबा रडले. बाबा म्हणतात, आधी तुझा नवरा.

मी शुद्धीवर आले तेव्हा बाहेरच्या पॅसेजमधून बाबांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी फोन करून सांगत होते. "हो, मुलगी. पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण डॉक्टर म्हणाल्या घाबरायचं कारण नाही. जावई? तो जेवतोय. नाही म्हणत होता, मी बसवलं. सकाळपासून पोटात काही नाही पोराच्या."

ती नऊ दिवस पेटीत होती. तिच्याजवळ एका वेळी एकालाच जाता यायचं. मी आत असले की ते दोघं बाकावर, नवरा आत असला की बाबा काचेशी. चौथ्या दिवशी आईला पिशवी रिकामी करताना टॅब सापडला. घाईत स्टुलावरून तोही तिने टॉवेलमध्ये गुंडाळून घेतला होता. बॅटरी संपली होती. नवऱ्याने चार्ज केला आणि दोघांनी माझ्या पलंगाशी बसून उघडला.

अकरा विजय, तीन पराभव. मोहीम समाप्त. आमच्या डावाची वेळ संपून गेली आणि खेळाने आम्ही हरलो म्हणून नोंदवलं. कॅट मोडून गेला होता. पहारेकरी, म्हातारी, देवमासा, काही नव्हतं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हणाले, "एक डाव राहिला होता."

"जिंकलो असतो का, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते खोटं बोलत नाहीत, ते त्यांना जमतच नाही. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्याकडेही काहीतरी असेलच की." मग म्हणाले, "त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, हे मधेच कुठे गेले?"

नवरा हसायला लागला. बाबाही. मला टाके होते, हसता येत नव्हतं, तरी मीही. परिचारिकेने दार उघडून आवाज कमी करायला सांगितलं.

"नवीन सुरू करायची?" नवऱ्याने विचारलं.

"कर ना. पण तू निवड ह्या वेळी," बाबा उठत म्हणाले. "माझी आत जायची वेळ झाली. काल तिने माझं बोट धरलं होतं, सोडतच नव्हती. उशीर झाला तर रागवेल ती."

आणि ते चपला बाहेर काढून, हात कोपरापर्यंत धुवायला गेले. नवऱ्याच्या पडद्यावर पहिले तीन पत्ते येऊन थांबले होते. तो तसाच टॅब मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसला, बाबा परत येईपर्यंत.